निरुपयोगी किड्याची कैफियत

आमच्या घरी दूर्वा निवडण्याचे काम माझ्याकडे असते. निवृत्त माणसाला बिनधोक सोपवता येतील अशी कामे घरात थोडी, त्यांतले हे एक. आई होती तेव्हा ती शेजारी बसून माझ्या जुडीतली एखादी काडी ओढून काढी, उजेडाकडे धरी आणि बाजूला टाकी. “ही लिहिलेली आहे रे,” असे ती म्हणे. लिहिलेली म्हणजे जिच्या पात्यावर बारीक पांढरी नागमोडी रेघ उमटली आहे ती. अशी दूर्वा गिरिजात्मजाला वाहायची नाही, हा आमच्या घरचा नियम. इतर घरी तो आहे की नाही मला ठाऊक नाही. ती रेघ लिहितो कोण, हे मात्र आईने कधी सांगितले नाही आणि सत्तरी उलटेपर्यंत मीही ते कुणाला विचारले नाही. जुन्नर तालुक्यात सारा जन्म गेला, शाळेत शिकवताना फुलपाखराचे जीवनचक्र शेकडो वेळा फळ्यावर काढले, आणि दर चतुर्थीला हातातून जाणाऱ्या पात्यावरचे अक्षर मला वाचता येत नव्हते!

गेल्या भाद्रपदात नातवाचे भिंग हाताशी होते म्हणून टाकलेली एक काडी उचलली आणि सुईने पात्याची वरची कातडी सोलून पाहिली. आत एक पिवळसर जीव वळवळत होता. त्याला पाय नव्हते, डोके म्हणावे असे काही नव्हते. पुढच्या टोकाला दोन काळे आकडे तेवढे दिसत होते. पुस्तके चाळल्यावर कळले की ही माशीची अळी.

पुढच्या आठवड्यात घरची मंडळी लेण्याद्रीला निघाली. गोळेगावच्या बाजूने डोंगर चढायला तीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत. माझे गुडघे आता पहिल्या वीस पायऱ्यांनंतर देवाला तिथूनच हात जोडतात. मंडळी वर गेली आणि मी खाली गवतात बसलो. तिथे मारवेलाच्या पात्यांवर तशीच रेघ दिसली, पण अधिक रुंद. एक पाते उजेडाला धरले तर आतली अळी सावलीसारखी स्पष्ट दिसली. हिला तपकिरी डोके होते आणि छातीशी बारीक पाय होते. म्हणजे ही माशी नव्हे, पतंगाची अळी. ज्याच्या डोक्यावर दगड कोरून माणसांनी खोल्या केल्या त्या डोंगराच्या पायथ्याशी, कागदाहून पातळ पात्याच्या दोन कातड्यांच्या मध्ये, एक प्राणी आपले लेणे खोदत बसला होता. रेघ जिथे सुरू होत होती तिथे ती केसाएवढी होती. तिथे अंडे घातले गेले असणार. अळी खात खात वाढत गेली तशी रेघ रुंद होत गेली. तिचे सारे बालपण त्या पात्यावर तारीखवार मांडलेले होते म्हणा ना.

सात पाती ओल्या कापसासह बाटलीत घालून घरी आणली. अकराव्या दिवशी बाटलीच्या झाकणाला आतून एक पतंग चिकटलेला दिसला. तिळाहून थोडा मोठा. पंख अरुंद, काळसर, मागे केसांची झालर. मधोमध नारिंगी पट्टा आणि त्याच्या दोन्ही कडांना चांदीची रेघ. पैठणीचा काठ कुणी तिळावर विणावा तसा. अशा पेहरावाचे एक मोठे गोत जगभर पसरलेले आहे, त्याला कॉस्मोप्टेरिक्स म्हणतात, आणि त्यातल्या कितीतरी जातींच्या अळ्या गवताची पाने पोखरतात, इतके पुस्तकांवरून समजले. गोत कळले, पण नाव कळेना. मोबाइलवर छायाचित्र काढून विचारले तर यंत्राने दम न घेता तीन नावे सांगितली. त्यांतले एक नाव अमेरिकेतल्या पतंगाचे होते.

तेव्हा बाटली घेऊन मी एका कार्यालयात गेलो. कार्यालयाचे नाव सांगत नाही, कारण साहेब सज्जन होते. त्यांनी मला बसवले, चहा मागवला. “पीक कोणते?” त्यांनी विचारले. म्हटले, गवत. “चाऱ्याचे लावलेले?” नाही, डोंगराचे. “नुकसान किती टक्के?” काही नाही. ते काही वेळ माझ्याकडे पाहत राहिले. मग माझ्याच अर्जाच्या कोपऱ्यात त्यांनी सुवाच्य अक्षरांत लिहिले: ‘आर्थिक महत्त्व नसलेला कीटक.’ चहा पिऊन मी उठलो.

त्या एका ओळीशी माझे भांडण आहे. साहेबांशी नाही, त्यांच्या जागी मी असतो तर कदाचित मीही तेच लिहिले असते, कारण ती ओळ त्यांची नाही, आपल्या सर्वांची आहे.

वाचकांतले जे शेतकरी आहेत त्यांना टोमॅटोवरच्या ‘टूटा’ची ओळख करून द्यायला नको. जे शहरात राहतात त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या तालुक्यात नारायणगावला टोमॅटोचा मोठा बाजार भरतो. २०१४ च्या पावसाळ्यानंतर टोमॅटोच्या पानांवर पांढरे डाग दिसू लागले. शेतकऱ्यांच्या ओळखीचा एक रोग होताच, नागअळी. तीही मूळची परदेशी. १९९० च्या आगेमागे इकडे आलेली एक माशी, तिची अळी पानात नागमोडी रेघ काढते. तेव्हा आमच्या शेजारच्या तात्यांनी “नागअळीच आहे ही, यंदा जरा जास्त आहे” असे म्हणून नागअळीचे औषध मारले. डाग वाढले. दुसऱ्यांदा मारले. मग फळाला देठाशी टाचणीने टोचल्यासारखी भोके पडू लागली, तेव्हा तात्या गप्प झाले. माशीची अळी फळात शिरत नाही. हा पतंग होता. त्याची अळी पानात रेघ न काढता पसरट फोड करते, आत काळी घाण साठवते आणि पान संपले की फळात घुसते. भारतात हा किडा प्रथम नोंदला गेला तो २०१४ मध्ये, आणि त्या पहिल्या नोंदींत पुणे जिल्ह्याचे नाव आहे. एकेक मादी अडीचशेपर्यंत अंडी घालते. हवामान मानवले तर वर्षात दहा-बारा पिढ्या होतात. अनेक औषधांना तो दाद देत नाही.

आता प्रश्न असा की हा किडा अमुकच, हे लोकांना ओळखता आले कसे?

त्याचे उत्तर इंग्लंडातल्या एका शाळामास्तराकडे जाते. एडवर्ड मेरिक (१८५४–१९३८) हा मार्लबरोच्या शाळेत मुलांना ग्रीक आणि लॅटिन शिकवी आणि उरलेल्या वेळात कुणाच्याही खिजगणतीत नसलेल्या चिमुकल्या पतंगांची वर्णने लिही. जन्मभरात त्याने चौदा हजारांवर जातींना नावे दिली. भारतातून, बिहारमधल्या पुसा इथल्या शेतकी संस्थेतूनही त्याच्याकडे पतंग जात. १९१७ मध्ये त्याने दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशात, हुआंकायो इथे, साडेदहा हजार फुटांच्या उंचीवर सापडलेल्या एका करड्या पतंगाचे वर्णन छापले आणि त्याचे नाव ‘अ‍ॅब्सोल्यूटा’ ठेवले. करडा, तिळाएवढा, रंग ना रूप. त्या वेळी तो कुणाचे काही खात असल्याची तक्रार नव्हती. आमच्या साहेबांपुढे तो आला असता तर त्यांनी कोपऱ्यात तीच ओळ लिहिली असती, आणि १९१७ च्या हिशेबाने ती बरोबर ठरली असती! टोमॅटोचा शत्रू म्हणून दक्षिण अमेरिकेत त्याचे नाव झाले ते १९६० नंतर. २००६ मध्ये तो स्पेनमध्ये उतरला, तिथून भूमध्य समुद्राभोवती पसरला, आणि आठ वर्षांनी आमच्या तात्यांच्या वाफ्यात आला. मधल्या काळात शास्त्रज्ञांनी त्याचे गोत्र पुन्हा पुन्हा बदलले. टूटा हे गोत्रही २०२१ मध्ये काढून घेऊन त्याला मेरिकने दिलेल्या पहिल्याच गोत्रात परत घातले. पण मास्तराने ठेवलेले पाळण्यातले नाव शंभर वर्षे टिकून आहे.

नावाने काय होते, असे विचारणाऱ्यांनी कामगंध सापळा पाहावा. मादीच्या अंगाचा वास रसायनाने तयार करून एका रबरी बोंडात भरतात आणि नर त्याला भुलून पाण्यात पडतात. हा वास जातीगणिक वेगळा. टूटाच्या सापळ्यात घाटेअळीचे बोंड लावले तर सापळा महिनाभर टांगून ठेवा, हाती काही लागायचे नाही. म्हणजे ज्याला नाव ठाऊक नाही त्याला सापळासुद्धा लावता येत नाही. ते नाव १९१७ मध्ये एका ग्रीक शिकवणाऱ्या मास्तराने, कोणाचा काही फायदा नसताना, लिहून ठेवले होते म्हणून २०१४ मध्ये ते उपलब्ध होते.

हे एकदाच घडले असेही नाही. आंबेगाव तालुक्यातल्या सातगाव पठारावरचा बटाटा प्रसिद्ध आहे. बटाट्यात भोके पाडणारा पतंग याच टूटाचा सख्खा चुलत भाऊ. तो १९०६ च्या सुमारास इटलीहून आलेल्या बेण्याच्या बटाट्याबरोबर मुंबई इलाख्यात शिरला. शंभर-सव्वाशे वर्षांत दोनदा आमच्या दोन तालुक्यांच्या पोटापाण्यावर तिळाएवढ्या पतंगांनी घाला घातला, आणि तरी डोंगरावरचे पतंग कोणते आहेत याची यादी करायला आम्हांला सवड नाही.

याच धाग्याचे दुसरे टोक अधिक गमतीचे आहे. पानात दडलेल्या अळीला पक्षी सहसा गाठत नाही, पण कापराच्या कणाएवढ्या काही गांधीलमाश्या तिला गाठतात. त्या पानाच्या कातडीतून अंडी घालण्याची नळी टोचून अळीवर अंडे घालतात, आणि अंड्यातून निघालेले पिल्लू अळीला खाते. यांतल्या निओक्रायसोकॅरिस फॉर्मोसा नावाच्या माशीला माशीची अळी चालते आणि पतंगाचीही. ती भारतात टूटाच्या अळीवरही सापडली आहे. टोमॅटोचे पीक चार महिन्यांचे. पीक नसताना अशा माश्यांनी जगायचे कशावर? बांधावरच्या तणात, गवतात, रानझाडांच्या पानांत राहणाऱ्या बिनकामाच्या नागअळ्यांवर. आणि आम्ही काय करतो? तणनाशक मारून बांध कोरा करतो, उरलेला फाल्गुनात काडी लावून जाळतो, आणि जून आला की दुकानात जाऊन औषधाच्या बाटल्यांची रांग पाहतो. ज्या राखणदारांना पगार द्यावा लागत नव्हता त्यांची वस्ती जाळून आम्ही पगारी राखणदार ठेवतो.

इथवर लिहून मी थांबलो आणि लिहिलेले वाचून पाहिले, तेव्हा माझ्या लक्षात आले की मी भांडणात प्रतिपक्षाचीच भाषा बोलतो आहे. तो म्हणतो, उपयोग काय? मी धावत जाऊन उपयोग आणून त्याच्या पायाशी ठेवतो. ही वकिली कामाची आहे, पण ती माझ्या अशिलाची खरी बाजू नाही. लेण्याद्रीचा पतंग उद्या टोमॅटो खाणार नाही, कुणाला वाचवणारही नाही. तो मारवेल खातो, तेही पात्यामागे दोन बोटे. असा प्राणी आपल्या गावात राहतो हे गावाने जाणावे की नाही, एवढाच खरा वाद आहे.

आपल्या भाषेकडेच पाहा. ढेकूण, पिसू, डास, वाळवी, मावा, तुडतुडे, सोंडे, टोके. जो आपल्याला चावतो किंवा आपले धान्य चोरतो त्याचे नाव आपण ठेवले. बारीक पतंगांत घरोघर नाव मिळाले ते कसरीला, कारण ती पेटीतली लुगडी खाते. ही चोरांची यादी झाली, पोलीस ठाण्यात असते तशी. हिच्यावरून गावात कोण कोण राहते हे कळणार नाही. याला अपवाद आहेत, आणि ते कोणी केले तेही पाहण्यासारखे आहे. चतुर, काजवा, मृगाचा किडा ही नावे ज्यांच्या तोंडी खेळली ती पोरे, आणि त्यांना त्या किड्यांपासून दमडीचा लाभ नव्हता. तसेच गवताचे. मारवेल, कुसळ, कुंदा, पवन्या, डोंगरी असे पात्यापात्याला वेगळे ओळखणारे गुराखी माझ्या लहानपणी प्रत्येक वाडीत होते. आज माझ्या ओळखीच्या पदवीधरांना ते सगळे ‘गवत’ आहे. सरकारी कागदाला तर तेवढेही नाही. सातबारा काढून पाहा; नांगर न चालणाऱ्या त्या तुकड्याला तिथे ‘पोटखराबा’ म्हणतात. देशभरच्या पडीक जमिनींचे नकाशे उपग्रहावरून काढले जातात, त्यांत गवताळ माळ आणि झुडपी डोंगर पुष्कळदा पडीकच ठरतात. आणि पडीक ठरले की त्याचे ‘भले’ करायला कोणीतरी निघतेच. खड्डे खणले जातात, गिरिपुष्प लावले जाते, फलक लागतो, छायाचित्र निघते. गवतावर झाड लावणे म्हणजे सुधारणा, असा आपला समज इतका पक्का आहे की गवत हेही एक रान असू शकते, असे म्हणणारा माणूस वेडा ठरतो.

मोठ्यांची मात्र आपण चांगली बडदास्त ठेवतो. भीमाशंकरचे शेकरू राज्यप्राणी आहे; २०१५ मध्ये राणी पाकोळी, म्हणजे ब्लू मॉरमॉन, राज्याचे फुलपाखरू झाली. बिबट्याची तर आमच्या तालुक्यात रोजची वार्ता. मला त्यांचा मत्सर नाही. पण ज्या घरात फक्त पाहुण्यांची नावे लिहिलेली आणि राहणाऱ्यांची नाहीत, त्या घराची वही कसली?

आणि हे कुठे चालले आहे? जुन्नरला! ज्या गावाच्या चारी बाजूंचे डोंगर नोंदींनी भरले आहेत तिथे! अठराशे-दोन हजार वर्षांपूर्वी इथल्या लोकांनी दगडावर काय काय लिहून ठेवले ते पाहा. धान्यव्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दिले. वेळूकाम करणाऱ्यांच्या श्रेणीकडे ठेव होती, कासारांकडे होती. वेळू हेही गवतच, हे जाता जाता सांगतो. कुणा एकाने वीस निवर्तने जमीन करंजाच्या झाडांसाठी दिली आणि नऊ निवर्तने वडांसाठी. करंज किती, वड किती, हे छिन्नीने कोरून ठेवणारी ती माणसे होती. त्यांना कुणी विचारले असते की झाडाचे नाव दगडावर कशाला, तर त्यांना तो प्रश्नच कळला नसता. लेण्याद्रीला ‘लेखन पर्वत’ असेही एक जुने नाव सांगतात. त्या पर्वताच्या पायथ्याशी राहून आम्ही लिहिणे सोडले.

यावर मला लगेच ऐकवले जाते की ही टिपणे करण्याची हौस साहेबांची, आपली नव्हे. आमचे एक स्नेही तर म्हणाले, “गुरुजी, नाव लागले की फुलातले फूलपण जाते.” ते कवी आहेत, त्यांना मी काय सांगणार, पण त्यांच्या स्वतःच्या नावाने कविता छापून येते तेव्हा त्यांचे काही गेल्याचे दिसत नाही. साहेबांविषयी म्हणाल तर तो आरोप मला अर्धा मान्य आहे. कर्नल साइक्स १८२४ पासून काही वर्षे दख्खनच्या पाहणीवर होता. त्याने इथल्या पक्ष्यांची यादी केली, रानटी रेशीमकिड्यावर निबंध लिहिला, आणि त्याच माणसाने जुन्नरच्या लेण्यांतले शिलालेख उतरवून १८३७ मध्ये छापले. दगडावरचे अक्षर आणि पानावरचा किडा हे त्याच्या लेखी एकाच कामाचे दोन भाग होते. पण त्याचा परिणाम काय झाला? मेरिकचा लाखभर पतंगांचा संग्रह लंडनच्या संग्रहालयात गेला. त्याने वर्णिलेल्या भारतीय जातींचे मूळ नमुने तिथे आहेत. माझ्या बाटलीतल्या पतंगाला त्याचे नाव हवे असेल तर त्याच्या उदराच्या टोकाचा सूक्ष्म भाग काढून, काचेवर ठेवून, सूक्ष्मदर्शकाखाली त्या नमुन्यांशी ताडून पाहावा लागेल. कारण पंखावरचे नारिंगी पट्टे डझनभर भावंडांत सारखे असतात, आणि मेरिकने त्या तपासणीच्या भानगडीत न पडता पंख पाहूनच पुष्कळशी वर्णने केली. साहेबांची हौस म्हणून आपण हे काम त्यांच्यावर टाकले, तेव्हा नोंदीबरोबर नमुनेही तिकडे गेले. आता गाऱ्हाणे कोणाकडे करणार?

त्यांच्याकडे आजही ही हौस जिवंत आहे आणि तिला व्यवस्था आहे. १८५२ मध्ये वॉटसन नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने ब्रिटनचे नोंदीसाठी ११२ भाग पाडले. आज अशा एकेका भागाच्या पतंगांची वही सांभाळणारा माणूस असतो. पुष्कळदा तो निवृत्त शिक्षक, टपालवाला, डॉक्टर असा कोणीतरी असतो. गवत पोखरणारा एखादा चिमुकला पतंग त्या भागात पहिल्यांदा सापडला की शोधणारा त्याला नमुना दाखवतो, तो शंका काढतो, खात्री पटली तरच लिहितो. पगार नाही, मानधन नाही. आपल्याकडे मुंबईची नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ पासून आहे, पुण्याला प्राणी सर्वेक्षणाचे केंद्र १९५९ पासून आहे. पण जिल्ह्यातला प्रत्येक डोंगर त्यांनीच चढावा आणि आपण पायथ्याशी वडापाव खात त्यांची वाट पाहावी, ही अपेक्षा अन्यायाची आहे.

शिवाय हे काम अवघड नाही, निदान त्याचा पहिला भाग नाही. नागअळीची पोखरण हा असा पुरावा आहे की जो चोर पळाल्यावरही जागेवर राहतो. पाते तोडा, जुन्या दिवाळी अंकाच्या पानांत दाबून ठेवा, कडेला झाडाचे नाव, जागा आणि तारीख लिहा. दोन पाती बाटलीत घाला, पतंग निघाला तर टाचणीपेक्षा बारीक सुईवर टोचून ठेवा किंवा कागदाच्या पुडीत. ज्याला नाव लावता येते असा माणूस आज भेटला नाही तर वीस वर्षांनी भेटेल. पुडीला घाई नसते. चुकीचे नाव लावण्यापेक्षा बिननावाची पुडी शतपट बरी. तालुक्यात शाळा आहेत, महाविद्यालये आहेत. प्रकल्प म्हणून मुले दरवर्षी थर्माकोलचे ज्वालामुखी करतात. त्यांतल्या चार मुलांनी एक वर्ष एक बांध पाहिला तर महाराष्ट्राचे कोणते नुकसान होईल?

नोंदवही तर कायद्यानेच आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीला लोकजैवविविधता नोंदवही ठेवायला सांगितले. सतरा वर्षे फारसे कोणी मनावर घेतले नाही. मग हरित न्यायाधिकरणाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली आणि पुढे दरमहा दहा लाखांचा दंड लावला, तेव्हा देशभर वह्या धडाधड तयार झाल्या. आमच्या पंचक्रोशीतल्या एका गावची वही मी पाहिली आहे. कीटकांच्या पानावर मुंगी, मधमाशी, डास, फुलपाखरू अशी चार नावे होती. माशांच्या पानावर सुरमई होती. आमच्याकडे कुकडी आहे, धरणे आहेत. समुद्र मात्र नाही. कोकणातल्या एखाद्या गावची वही कुणीतरी मनापासून उतरवली होती, एवढाच त्याचा अर्थ.

आश्विनात मी त्याच गावच्या कार्यालयात पुन्हा गेलो आणि माझी एक ओळ वहीत घ्या म्हणून अर्ज दिला. संगणकावर बसलेला मुलगा माझ्याच शाळेतला निघाला, त्यामुळे नाही म्हणाला नाही. “गुरुजी, सांगा,” म्हणाला. स्थानिक नाव? मी आईचा शब्द आठवून ‘लिहिणारा’ असे सांगितले. शास्त्रीय नाव? कॉस्मोप्टेरिक्स, जात ठरायची आहे. आढळस्थान? लेण्याद्रीचा पायथा, मारवेलाचे पाते. नमुना कोणाजवळ? माझ्याजवळ, एक पुडी आणि सात पाती.

मग तो ‘उपयोग’ या रकान्यापाशी आला. मी म्हटले, कोरा सोड. त्याने दोनदा कळ दाबून पाहिली. “कोरा सोडला तर पुढे जात नाही गुरुजी,” तो म्हणाला. आम्ही दोघे थोडा वेळ पडद्याकडे पाहत बसलो. शेवटी त्याने त्या रकान्यात एक टिंब दिले.